दीर्घायुषी ऑनलाइन बहुखेळाडू खेळ

दीर्घायुषी ऑनलाइन बहुखेळाडू खेळ म्हणजे आंतरजालाच्या आधारे अनेकांनी एकत्र खेळावयाचे आणि दहा-वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू राहिलेले संगणकीय खेळ होत. 'रूनस्केप' (२००१), 'ईव्ह ऑनलाइन' (२००३) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. रूपाने अगदी वेगळे असले, तरी ऑनलाइन बुद्धिबळही याच वर्गात घालणे योग्य ठरते. कारण तेथेही खेळाडू वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी, त्याच नावाने आणि पुष्कळदा त्याच लोकांबरोबर खेळत असतो. मोबाइलवर पाच-दहा मिनिटांत संपणारे असंख्य खेळ फुकट मिळत असताना, शिकायला अवघड आणि वेळखाऊ अशा या जुन्या खेळांचे खेळाडू का टिकून राहतात, हा प्रश्न खेळांच्या अभ्यासकांनी वारंवार हाताळला आहे. महाराष्ट्रात दोन्ही टोके पाहावयास मिळतात. नवी मुंबईत तयार झालेला 'लूडो किंग' एका टोकाला आहे, तर नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील खेळाडूंनी जोपासलेले ऑनलाइन बुद्धिबळ दुसऱ्या टोकाला.

पूर्वपीठिका

दूर राहणाऱ्या माणसांनी एकच खेळ दीर्घकाळ खेळण्याची रीत संगणकाच्या आधीची आहे. पत्रबुद्धिबळात एकेक चाल पोस्टकार्डावर लिहून धाडली जाई आणि एक डाव महिनोन् महिने चाले. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. आज बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर प्रत्येक चालीला एक किंवा अधिक दिवसांची मुदत देऊन खेळले जाणारे डाव हे याच पोस्टकार्डाचे वंशज आहेत. एका जागी जमून खेळण्याची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले नूतन बुद्धिबळ मंडळ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. खेळ कोणालाही घरी खेळता येतो. मंडळात मात्र माणूस ठरावीक माणसांना भेटायला जातो. पुढील विवेचनात हा फरक महत्त्वाचा आहे.

संगणकावरील आरंभीच्या बहुखेळाडू जगांपैकी एक इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी घडवले. 'मड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात चित्र एकही नव्हते, सारे जग शब्दांत वर्णिलेले होते. खेळाडूने 'उत्तरेला जा' अशा अर्थाची आज्ञा टंकली की पुढच्या दालनाचे वर्णन पडद्यावर उमटे आणि तेथे आधीच आलेले इतर खेळाडू त्याला भेटत. चित्रमय आवृत्त्या पुढे 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७) आणि 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) यांच्या रूपाने आल्या. २३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' सुरू झाला आणि २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर पोहोचली. या सर्व खेळांचे समान लक्षण म्हणजे त्यांचे जग अखंड असते. खेळाडू संगणक बंद करून झोपी गेला तरी तेथील बाजार भरतो, लढाया होतात आणि सकाळी तो परततो तेव्हा काहीतरी बदललेले असते.

बार्टल यांनी १९९६ मध्ये एका निबंधात अशा खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगून त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. संपत्ती आणि मानाच्या मागे लागलेले ते चौकट, जग खणून पाहणारे ते इस्पिक, माणसांत रमणारे ते बदाम आणि दुसऱ्याला लोळवण्यात आनंद मानणारे ते किलवर. ही विभागणी अद्याप उद्धृत केली जाते. ती लक्षात ठेवायला सोपी आहे; परंतु एकच माणूस पहिल्या वर्षी चौकट आणि दहाव्या वर्षी बदाम का होतो, हे तिच्यातून कळत नाही. दीर्घकाळ टिकलेल्या खेळाडूंच्या बाबतीत तर नेमका हाच प्रवास पाहायचा असतो.

विरंगुळ्याचे खेळ

विरंगुळ्याचा खेळ हा शिकवावा न लागणारा, कोठेही थांबवता येणारा आणि मागच्या खेपेची आठवण न मागणारा खेळ असतो. भारतातील त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'लूडो किंग'. नवी मुंबई येथील गेमेशन टेक्नॉलॉजीज या विकास जायसवाल यांच्या कंपनीने तो २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले, आणि २०२० च्या टाळेबंदीत हा खेळ घरोघरी पोहोचला. लूडोचे मूळ भारतीय पचिसीत आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे स्वामित्व नोंदवले गेले. सारीपाटाच्या सोंगट्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना या खेळाचा नियम सांगावा लागत नाही.

टाळेबंदीत पुण्याची मुलगी, मुंबईचा मुलगा आणि गावाकडची आजी एका पटावर आली, ही या खेळाची मोठी कामगिरी म्हणावी लागेल. मात्र तेथील निष्ठा खेळापेक्षा घरच्या माणसांवर असते. उद्या दुसऱ्या कंपनीचा लूडो उघडला तरी पट तोच, सोंगट्या त्याच आणि माणसेही तीच. मागे राहिलेल्या थोड्याफार आभासी नाण्यांपलीकडे काही गमावले असे वाटत नाही. विरंगुळ्याच्या खेळाचा सुटसुटीतपणा हे त्याचे बळ आहे, आणि त्याच कारणाने तो सोडणे सोपे जाते.

साठवणीचा सिद्धान्त आणि त्याची मर्यादा

खेळाडू टिकण्याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण साठवणीचे आहे. शेकडो तास घालवून घडवलेले पात्र, मिळवलेली शस्त्रे किंवा चढवलेले गुणांकन सोडून जाणे माणसाला जड वाटते. अर्थशास्त्रात यालाच बुडीत खर्चाचा मोह म्हणतात. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये तर पात्राचे कौशल्य प्रत्यक्ष घड्याळाप्रमाणे वाढते. काही कौशल्ये पुरी होण्यास कित्येक आठवडे लागतात आणि खेळाडू हजर नसतानाही ती वाढत राहतात. अशा ठिकाणी वीस वर्षांची साठवण नवागताला नुसते श्रम टाकून एका रात्रीत गाठता येत नाही.

हे स्पष्टीकरण खरे असले तरी पुरते नाही, याचे दोन पुरावे या खेळांच्याच इतिहासात आहेत. 'रूनस्केप'मध्ये झालेल्या मोठ्या बदलांवर नाराज असलेल्या खेळाडूंनी मतदान करून जुनी आवृत्ती मागितली. त्यानुसार फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ सालच्या प्रतीवरून 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झाला. त्यात प्रत्येकाला शून्यापासून आरंभ करावा लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चीही 'क्लासिक' ही जुनी आवृत्ती आली, तेव्हा पंधरा वर्षे जपलेली पात्रे बाजूला ठेवून लोक पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. पहिल्या दिवशी तेथे प्रवेशासाठी लांबच लांब रांगा लागल्या. साठवणच जर माणसांना धरून ठेवत असती, तर ती आपल्या हातांनी सोडून देण्यासाठी ही गर्दी झाली नसती. त्यांना परत हवे होते ते चालत, अडखळत, अनोळखी माणसाची मदत मागत केलेले प्रवासाचे दिवस.

संघ, भूमिका आणि ठरलेली वेळ

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आरंभीच्या काळात सर्वांत कठीण मोहिमांना ४० खेळाडू लागत. काहींनी शत्रूचे घाव अंगावर घ्यायचे, काहींनी जखमींना बरे करायचे, उरलेल्यांनी वार करायचे. एखादा उपचारक आला नाही तर बाकीच्यांची संध्याकाळ वाया जात असे. त्यामुळे मंडळे स्थापन झाली, हजेरीचे वेळापत्रक ठरले, लुटीच्या वाटपाचे हिशेब ठेवले जाऊ लागले. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. वारीतील दिंडीत वीणा, पखवाज, टाळ, तुळस यांना नेमलेली माणसे असतात, दिंडीचा क्रम ठरलेला असतो आणि एखाद्या वर्षी कोणी आले नाही तर त्याची चौकशी होते. श्रद्धा आणि खेळ यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. आपली जागा रिकामी राहिली तर कोणाच्या तरी लक्षात येईल ही जाणीव दोन्हीकडे सारखी काम करते, एवढेच.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला लागणाऱ्या 'तिसऱ्या ठिकाणा'ची कल्पना मांडली. गावाचा पार, चावडी, शहरातला कट्टा ही आपली तिसरी ठिकाणे. कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स यांनी २००६ मध्ये ही कल्पना ऑनलाइन बहुखेळाडू खेळांना लावून दाखवली. तेथे जातपात, हुद्दा, वय विचारले जात नाही आणि बोलणे हाच मुख्य उद्योग असतो.

या नात्यांची खोली दाखवणारे एक उदाहरण नॉर्वेतील आहे. मॅट्स स्टेन हा तरुण ड्यूशेन प्रकारच्या स्नायूंच्या ऱ्हासाने आजारी होता आणि चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मुलगा एकटा, मित्रांविना जगला, अशी आईवडिलांची समजूत होती. त्यांनी त्याच्या अनुदिनीवर मृत्यूची बातमी लिहिली, तेव्हा युरोपभरातून शोकसंदेश येऊ लागले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये 'आयबेलिन' या नावाने तो अनेकांचा सल्लागार आणि जिव्हाळ्याचा मित्र होता. त्याच्या मंडळातील काही जण परदेशांतून अंत्यसंस्काराला आले. या घटनेवर बेंजामिन री यांनी केलेला माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.

जबाबदारीचा धागा तुटला की काय होते, हे 'ईव्ह ऑनलाइन'मधील २७ जानेवारी २०१४ च्या लढाईत दिसले. एका युतीकडून आपल्या प्रदेशाचा ठरलेला भरणा झाला नाही. शत्रूने ती संधी साधली आणि बी-आर-५-आर-बी या तारामंडळात हजारो खेळाडूंचा संग्राम सुमारे २१ तास चालला. सर्व्हरवरील ताणामुळे खेळातील काळ मुद्दाम मंद करावा लागला. नष्ट झालेल्या जहाजांचे मूल्य ३ लाख अमेरिकी डॉलरांच्या वर गेल्याचा अंदाज केला गेला. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. सहभागी झालेल्यांना मात्र 'त्या रात्री तू कोठे होतास' हा प्रश्न एकमेकांना विचारता येतो. पाच मिनिटांच्या खेळात असा प्रश्न निर्माण होत नाही.

नियम ठरवण्यात मिळणारा वाटाही टिकून राहण्यास कारण होतो. 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये मोठे बदल खेळाडूंच्या मतास टाकले जातात आणि ठरलेले बहुमत न मिळाल्यास सोडून दिले जातात. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेले सल्लागार मंडळ २००८ पासून आहे.

ऑनलाइन बुद्धिबळ आणि नाशिक

बुद्धिबळात सजवलेले जग नाही, मोहिमा नाहीत, नवीन भाग येत नाहीत. तरीही १९९२ च्या सुमारास सुरू झालेल्या पहिल्या बुद्धिबळ सर्व्हरपासून चेस डॉट कॉम (२००७) आणि लिचेस (२०१०) यांच्यापर्यंत हा खेळ अखंड चालत आला आहे. येथे पात्राची जागा गुणांकनाने घेतली आहे. लिचेसवर नव्या खेळाडूला १५०० गुणांपासून प्रारंभ मिळतो, आणि गणिती पद्धत त्या आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही नोंदवते. सातत्याने खेळले की अनिश्चितता कमी होते, दीर्घकाळ न खेळल्यास ती पुन्हा वाढते. म्हणजे हा आकडा एकदाच मिळणारे पदक नसून वरचेवर सिद्ध करायची गोष्ट आहे. शिवाय गुणांकनामुळे आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सापडतो. लहान गावातील हुशार मुलाची पूर्वी हीच मोठी अडचण असे : गावात हरवणारा कोणी उरला की नाही, यावर त्याची प्रगती अवलंबून राही.

नाशिकचे विदित गुजराथी (जन्म २४ ऑक्टोबर १९९४) २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाले. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्यक्ष स्पर्धा बंद पडल्या. त्या वेळी विनोदकार समय रैना यांच्यासह त्यांनी व इतर भारतीय खेळाडूंनी यूट्यूबवरून डावांची थेट प्रक्षेपणे केली. बुद्धिबळ गंभीर मुद्रेने, शांततेत पाहायचे असते या समजुतीला त्यांनी धक्का दिला. प्रेक्षक हसत-खेळत डाव पाहू लागले, आणि पाहणाऱ्यांतील अनेक जण खेळू लागले. खेळाभोवती गप्पांचा कट्टा उभा राहिला की खेळाचे आयुष्य वाढते, हे येथे भारतीय भूमीवर दिसून आले.

त्याच वर्षी जागतिक बुद्धिबळ महासंघाने ऑनलाइन ऑलिंपियाड घेतले. भारतीय संघाचे नेतृत्व गुजराथी यांच्याकडे होते. संघात खुल्या व महिला गटांबरोबर कनिष्ठ मुलगे व मुली यांचेही पट असल्याने नागपूरच्या दिव्या देशमुख यांना त्यात स्थान मिळाले. ३० ऑगस्ट २०२० रोजी रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीची पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत आंतरजाल सेवेत जागतिक पातळीवर बिघाड झाला. निहाल सरीन आणि दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून ते वेळेवर हरले. भारताने दाद मागितली आणि अखेर महासंघाने दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले. त्यानंतर गुजराथी यांनी २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली आणि २०२४ मध्ये बुडापेस्ट येथे ऑलिंपियाड सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या विजेत्या ठरल्या.

ऑनलाइन बुद्धिबळाला सर्वांत मोठा धोका फसवणुकीचा आहे. संगणकाची मदत घेऊन खेळणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे असते. जून २०२१ मध्ये विश्वनाथन आनंद यांच्या एका धर्मादाय प्रदर्शनीय सामन्यातही असा प्रकार घडून बराच गाजावाजा झाला. गुणांकन हा परस्परांवरील विश्वासाचा आकडा असल्यामुळे, फसवणूक पकडण्याची यंत्रणा ढिली पडली तर जुने खेळाडूच सर्वांत आधी दूर होतील. म्हणूनच मोठी संकेतस्थळे संशयास्पद खाती सतत तपासून बंद करीत असतात.

भारतातील मोबाइल खेळ

मासिक वर्गणीचे मोठे खेळ भारतात फारसे रुजले नाहीत. चांगला संगणक, वेगवान जोडणी आणि परदेशी चलनात पैसे भरण्याची सोय या तिन्ही गोष्टी २००४ च्या सुमारास मोजक्या घरांत होत्या. महाराष्ट्रातील शहरांत मुले सायबर कॅफेत शेजारी-शेजारी बसून 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. जोडणी कॅफेपुरती असली तरी संघभावना पुरेपूर होती. पुढे ती जागा मोबाइलवरील 'पब्जी'ने (२०१८) घेतली. चौघांचा गट, बोलण्याची सोय आणि रात्रीची ठरलेली वेळ असे मंडळाचे सारे घटक त्यात होते. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ॲपसह त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला तेव्हा जुन्या खात्यातील सामग्री नव्या खात्यात नेण्याची मुभा मिळाली. जुलै २०२२ मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उपलब्ध झाला. दोनदा खंड पडूनही त्याचे खेळाडू परतले, यावरून आधीचे गट खेळाबाहेरही टिकले असावेत असे अनुमान करता येते.

निष्ठा आणि व्यसन

खेळाडू टिकणे ही गोष्ट सर्वस्वी चांगलीच असते असे मानणे चूक ठरेल. रोजच्या हजेरीचे बक्षीस, एक दिवस चुकल्यास तुटणारी साखळी, आत काय आहे हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या ही साधने माणसाच्या सवयीवर बेतलेली आहेत. मैत्रीशी त्यांचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळण्याचा विकार स्वतंत्रपणे नोंदला आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसूनही खेळ चालूच राहणे ही त्याची लक्षणे असून, सर्वसाधारणपणे ती बारा महिने दिसावी लागतात. केवळ तासांची संख्या हे लक्षण नव्हे, ही बाब पालक व शिक्षक यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ यांना वेगळी मान्यता दिली.

खेळ बंद पडल्यानंतर

या खेळांचे जग कंपनीच्या सर्व्हरवर असते. खेळाडूची वीस वर्षांची वहिवाट असली तरी सातबाऱ्यावर नाव कंपनीचेच. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद करण्यात आला. शेवटच्या रात्री खेळाडू आपापल्या पात्रांसह चौकात जमून सर्व्हर थांबेपर्यंत उभे राहिले. पुढे चाहत्यांनी अनधिकृत सर्व्हर चालवले आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांपैकी 'होमकमिंग' या गटाला रीतसर परवाना दिला. चीनमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची सेवा कंपन्यांमधील करार संपल्याने २३ जानेवारी २०२३ रोजी थांबली आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. लिचेसने वेगळा मार्ग निवडला आहे. देणग्यांवर चालणारे हे संकेतस्थळ जाहिरातमुक्त असून त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली आहे. तेथे खेळले गेलेले गुणांकित डाव दरमहा सार्वजनिक केले जातात आणि कोणालाही ते विनामूल्य उतरवून घेता येतात.